पन्नास किलोमीटर, अर्धशक्ती आणि आम्ही उभयता

व्यायामाचा उपदेश करणारा वैद्य स्वतः किती व्यायाम करतो, हा प्रश्न रुग्ण सहसा तोंडावर विचारत नाहीत. आम्हांस मात्र तो विचारला गेला. पालघरच्या आमच्या चिकित्सालयात नियमित येणारे एक निवृत्त फिटर, मेदोवृद्धीसाठी औषध घेऊन उठता उठता म्हणाले, “डॉक्टर, आपले घर दवाखान्यापासून चारशे पावलांवर. तरी स्कूटर लागते?” आम्ही हसून वेळ मारून नेली. पलीकडच्या खोलीत स्त्रीरुग्ण तपासणाऱ्या आमच्या सौ., ज्या स्वतः वैद्याच आहेत, त्यांनी ते ऐकले होते. त्याच आठवड्यात घरी दोन सायकली आल्या.

निमित्तही जुळून आले. डिसेंबर २०२३ मध्ये परिसरातील काही सायकलप्रेमी मंडळींनी पालघर ते चिंचणी आणि परत अशी सुमारे ५० किलोमीटरांची फेरी योजली होती. उद्देश एवढाच, की जिल्ह्याच्या पूर्वेकडील पाड्यांवरून पायी शाळेत येणाऱ्या मुलींना सायकली घेऊन द्याव्यात. प्रत्येक सहभागी व्यक्तीने आपल्या ओळखीच्यांकडून दर किलोमीटरमागे काही रक्कम कबूल करून घ्यायची, आणि जितके अंतर कापले जाईल तितक्याचाच निधी जमा करायचा. आम्ही औषधांच्या खिडकीपाशी एक वही ठेवली. कोणी रुपया लिहिला, कोणी पाच. फिटरकाकांनी दोन रुपये लिहून खाली सही केली.

सायकलीने शाळेतील हजेरीत खरोखर फरक पडतो काय, अशी शंका आमच्या एका समव्यवसायी मित्राने घेतली. त्यास उत्तर आहे. बिहार शासनाने २००६ साली नववीत जाणाऱ्या मुलींसाठी सायकल योजना सुरू केली. कार्तिक मुरलीधरन व निशीथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनी तिचा अभ्यास केला, तेव्हा माध्यमिक शाळेतील योग्य वयाच्या मुलींच्या प्रवेशात सुमारे ३२ टक्के वाढ दिसली. आणि शाळा तीन किलोमीटर वा त्याहून दूर असलेल्या गावांत हा लाभ अधिक होता. आमच्या जिल्ह्यातील पाड्यांचे अंतर ज्यांनी पायी मोजले आहे, त्यांना या आकड्याचे नवल वाटणार नाही.

वैद्यकव्यवसायी आणि सायकल हे नातेही महाराष्ट्रास नवे नाही. नाशिकचे डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन हे बंधू २०१५ साली अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंतच्या सुमारे ४८०० किलोमीटरांच्या ‘रेस अक्रॉस अमेरिका’ या शर्यतीत दोघांच्या गटात उतरले आणि नऊ दिवसांच्या आत ती त्यांनी पूर्ण केली. आदिवासींच्या नेत्रसेवेचा हेतूही त्या धावेमागे होता. आमची उडी चिंचणीपर्यंतच. परंतु त्यांचे छायाचित्र सौ.नी कपाटाच्या दारावर लावले होते, हे सांगितले पाहिजे.

तयारी दोन महिने केली. शास्त्राने शीतकाल व वसंत हे व्यायामास उत्तम काळ सांगितले असून त्यातही अर्ध्या शक्तीपर्यंतच तो करावा असे बजावले आहे. त्यानुसार प्रारंभी पाच किलोमीटर, मग दहा, मग वीस असे वाढवीत गेलो. पहाटे तिळतेलाचा अभ्यंग, विशेषतः जानुसंधी, कटी व मणिबंध येथे. बैठकीची उंची अशी, की पायडल सर्वांत खाली असता गुडघा किंचित वाकलेला राहील. ती उंची कमी ठेवल्यामुळे पहिल्या पंधरवड्यात आमचे गुडघे पुढच्या बाजूने दुखत होते, आणि आम्ही विनाकारण वातास दोष देत होतो! वाटेत पिण्यासाठी खजूर, मनुका व कोकम यांचा मंथ सौ.नी सिद्ध केला. तो सहभागींमध्ये इतका लोकप्रिय झाला, की चिंचणीस पोहोचेपर्यंत आमच्या बाटल्या रित्या झाल्या होत्या.

फेरीच्या दिवशी सकाळी सहाला हुतात्मा चौकात जमलो. १४ ऑगस्ट १९४२ रोजी पालघरात झालेल्या गोळीबारात पाच तरुण धारातीर्थी पडले. त्यांच्या स्मारकास वंदन करून निघालो. उमरोळीपर्यंत गारवा होता, भाताच्या कापणीनंतरची शेते दवाने ओली होती. बोईसरला पहिल्या पाळीचे कामगार बसगाड्यांतून उतरत होते. काहींनी हात हलवले. तेथून औद्योगिक वसाहतीचा रस्ता लागला. मालमोटारी, धूळ आणि एक उग्र वास. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ साली केलेल्या मूल्यमापनात तारापूर हे देशातील सर्वाधिक प्रदूषित औद्योगिक क्षेत्रांत अग्रभागी होते, हे येथे नमूद करणे भाग आहे. आमच्याकडे येणाऱ्या कास-श्वासाच्या रुग्णांचे पत्ते पाहिले, की या रस्त्याची आठवण होतेच. सौ.नी ओढणी नाकावर बांधली. तारापूर ओलांडून चिंचणीच्या किनाऱ्यावर सुरूच्या बनात पोहोचलो, तेव्हा साडेआठ झाले होते.

आमची चूक तेथे झाली. ती सांगावी म्हणूनच हा लेख लिहावयास घेतला.

मुखाने श्वास सुरू होणे, मुखशोष, कक्षा, ललाट, नासिका व संधी येथे स्वेद येणे ही अर्धशक्तीची लक्षणे आम्ही विद्यार्थ्यांना वर्षानुवर्षे शिकवीत आलो. सौ.च्या ठायी ती सर्व आम्हांस किनाऱ्यावरच दिसली होती. बाल्यावस्थेत त्यांना तमक श्वासाचा त्रास होता, हेही आम्हांस ज्ञात होते. तरी तोंडून निघाले ते असे : “अगं, आता उरलं किती! पंचवीसच तर आहेत.” डोळ्यांपुढे ती वही होती. एवढ्या लोकांचे रुपये अर्ध्यावर कसे सोडायचे, हा विचार वैद्यावर मात करून गेला.

परतीच्या वाटेवर, बोईसरच्या अलीकडे, त्यांची सायकल मागे पडू लागली. मग खोकला. मग त्या उतरल्या आणि एका बंद दुकानाच्या ओट्यावर पुढे वाकून बसल्या. बोलताना वाक्य पूर्ण होईना. अतिव्यायामाने होणाऱ्या व्याधींत तृष्णा, क्षय यांच्या पाठोपाठ वाग्भटाने प्रतमक श्वास गणला आहे. हत्तीला ओढू पाहणाऱ्या सिंहाचा दृष्टांतही त्याचाच. धाप किंचित ओसरताच सौ. म्हणाल्या, “अहो, ते सिंहाचं तुम्हीच शिकवता ना?” त्यावर आमच्याजवळ उत्तर नव्हते.

त्यांच्या पिशवीत आधुनिक वैद्याने दिलेला पंप होता. तो त्यांनी घेतला, पंधरा मिनिटांत श्वास मोकळा झाला. आमच्या काही बंधूंना हे लिहिणे रुचणार नाही. परंतु श्वासवेगाच्या अवस्थेत जे त्वरित उतार देते ते जवळ बाळगण्यात आपल्या शास्त्राचा कमीपणा आहे, असे आम्ही मानत नाही. वेगावस्था टळल्यावर करावयाची चिकित्सा आपल्या हाती आहेच. पन्नाशीच्या स्त्रीला छातीत आवळल्यासारखे झाले, तर ते केवळ श्वासाचेच, असे नाडी पाहून ठरवण्याचे धाडसही आम्ही केले नाही. जवळच्या रुग्णालयात हृदयाचा आलेख काढला, तो निर्दोष निघाला. “तुम्ही जा पुढे, मी टेम्पोनं येते,” असे त्यांनी दोनदा सुचवले. आम्ही गेलो नाही. दोन्ही सायकली टेम्पोत चढल्या.

दुसऱ्या दिवशी सौ.नी वहीत स्वतःच्या हाताने दोघांच्याही नावापुढे ३७ हा आकडा लिहिला. बहुतेकांनी पूर्ण ५० किलोमीटरांचेच पैसे पुढे केले. सौ.नी कोणाकडूनही ३७ हून अधिकचे घेतले नाहीत. यावर आमच्या दोघांत घरी वादही झाला. मुलींच्या सायकलींसाठीचा पैसा हिशेबाच्या हट्टापायी का नाकारावा, असे आमचे म्हणणे होते आणि अजूनही थोडेसे आहेच. त्यांचे म्हणणे, लोकांनी विश्वासाने आकडा लिहिला आहे, तो खरा ठेवला पाहिजे. फिटरकाकांनी प्रत्येकी ७४ रुपये मोजून दिले आणि म्हणाले, “उरलेले तेरा केव्हा?”

मधल्या काळात सौ.ची चिकित्सा, प्राणायाम व पथ्य नेमाने झाले. त्यांच्या आधुनिक वैद्यांचाही सल्ला घेतला. मार्च २०२४ मध्ये, एका रविवारी पहाटे, आम्ही सायकली लोकलने नव्हे तर टेम्पोनेच बोईसरला नेल्या आणि त्याच ओट्यापासून पालघरकडे निघालो. सौ. पुढे, आम्ही मागे. उमरोळीपाशी त्यांच्या कपाळावर घाम दिसला, तशी आम्ही हाक मारली आणि वीस मिनिटे एका वडाखाली बसलो. हुतात्मा चौकात यायला सव्वा तास लागला.

सोमवारी फिटरकाकांनी बावन्न रुपये वहीवर ठेवले. दोन रुपयांची सव्वीस नाणी होती. ती त्यांनी बहुधा मुद्दाम जमवून आणली असावीत.