दोष धावणाऱ्याचा कीं वाटेचा?

गोंदिया स्थानकावर जुन्या वाचकांनीं एक दृश्य अवश्य पाहिलें असेल. मुंबई-हावडा मार्गावरील मोठी गाडी दिमाखानें येई. परंतु बालाघाट-नैनपूरकडील माल तेथेंच उतरवून सातपुड्याच्या छोट्या गाडींत चढवावा लागे. कारण तिचे रूळ अवघे अडीच फुटांचे! मोठ्या एंजिनाचें बळ तेथें व्यर्थ होई. आज तो मार्गहि रुंद झाला आहे. पण संगणकाच्या पोटांत हीच कथा घडत असते, हें आम्हांस नुकतेंच उमगलें.

संगणकाचे मुख्य अवयव तीन: गणित करणारा प्रोसेसर, तात्पुरतें टिपण ठेवणारी मेमरी आणि कायमचें कोठार म्हणजे डिस्क. त्यांस जोडणाऱ्या तारांच्या समूहास ‘बस’ म्हणतात. कांहीं तारा माहितीचा पत्ता सांगतात, कांहीं माहिती वाहतात, कांहीं ‘ने’ किंवा ‘आण’ अशी आज्ञा देतात. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत १९६० सालीं सुरू झालेल्या ‘टिफ्रॅक’ यंत्रांत ४० बिटांचा शब्द एकदम हाताळला जाई. मग तारा वाढवीत जावें, असें कोणी म्हणेल. परंतु अतिवेगांत सर्व तारांवरील संकेत एका क्षणीं पोहोंचत नाहींत. म्हणूनच डिस्कची ४० टोकांची रुंद पट्टी जाऊन थोड्या तारांची, तरी अधिक वेगवान ‘साटा’ जोडणी आली.

प्रोसेसराचे ठोके सेकंदास सुमारें ३ अब्ज. मेमरीकरितां त्यास शेंकडों ठोके थांबावें लागतें. फिरत्या तबकडीच्या डिस्ककरितां सुमारें ३ कोटी! तोंवर बापडा हात जोडून उभा.

आमच्या नातवाचा अभ्यास वेळेवर पुरा होईना. यंत्र उघडण्यासच दहा मिनिटें लागतात, ही आम्हांस सबब वाटली. आम्ही त्यास आळशी म्हणून रागें भरलों. शेवटीं जाणत्यास दाखविलें. प्रोसेसर उत्तम, डिस्क मात्र जुनी, फिरती! ती काढून बिनचक्राची बसवितांच यंत्र मिनिटाच्या आंत जागें होऊं लागलें. वाचकांनींहि नवें यंत्र घेण्यापूर्वीं कोणती वाट अरुंद आहे, तें आधीं पाहावें.

अध्यापनाच्या काळांत आम्हीं कित्येक मुलांच्या नांवापुढें ‘मंद’ असा शेरा लिहिला. त्यांतील कांहीं देवरीकडील रानांतल्या वस्त्यांवरून, पायीं आणि उपाशीं येत. त्यांची वाट किती अरुंद होती, हें विचारण्याचें आम्हांस सुचलें नाहीं. नातवाची क्षमा मागतां आली. त्यांची आतां कोठें मागावी?