सात भागांचा कायदा

१९५८ साली अमेरिकेतील टेक्सास राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापुढे एक वाद होता. समुद्रकिनारा कोठे संपतो आणि खाजगी जमीन कोठे सुरू होते, हा त्यातील प्रश्न. जमिनीची मूळ सनद मेक्सिकोच्या अमदानीतील असल्यामुळे त्या काळचाच कायदा लावणे प्राप्त होते. तो शोधता शोधता न्यायमूर्ती तेराव्या शतकातील स्पेनमध्ये जाऊन पोहोचले!

कॅस्टीलचा राजा दहावा अल्फोन्सो याने १२५६ ते १२६५ या काळात विद्वानांकडून एक प्रचंड विधिग्रंथ रचून घेतला. त्याचे भाग सात, म्हणून नाव ‘सिएते पार्तिदास’. मूळ भाषेत सातही भागांची आद्याक्षरे जुळवली, की राजाचे नाव तयार होते. विशेष हे, की तो पंडितांच्या लॅटिनमध्ये न लिहिता लोकांच्या कॅस्टिलियन भाषेत लिहिला. त्यात नुसती आज्ञा नाही. अमुक गोष्ट म्हणजे काय, तिला ते नाव का पडले, तिचा उपयोग कोणता, हेही समजावून दिलेले आहे.

परंतु सरदारांना आपल्या जुन्या रूढी सोडावयाच्या नव्हत्या. १२८२ मध्ये खुद्द मुलगा सान्चो उलटला आणि १२८४ साली राजा सेव्हिल येथे वारला. ग्रंथाला निर्विवाद कायद्याचे बळ मिळाले ते १३४८ मध्ये, पणतू अकरावा अल्फोन्सो याच्या कारकिर्दीत; तेही तिसऱ्या पंगतीत. आधी राजाचे नवे कायदे, मग गावोगावचे जुने हक्कनामे, आणि दोन्ही जेथे मुके तेथे हा ग्रंथ. पण मुक्या जागाच फार होत्या! साम्राज्याबरोबर तो अमेरिकेत गेला. तेथील देश स्वतंत्र झाल्यावरही नवे नागरी कायदे होईपर्यंत अनेक ठिकाणी तो चालत राहिला. लुइझियाना राज्यात तर १८२० साली त्यातील चालू भागाचे इंग्रजी भाषांतर छापावे लागले.

हवा, पावसाचे पाणी, समुद्र आणि त्याचा किनारा सर्वांचा, असे हा ग्रंथ सांगतो. वर्षातील मोठ्यात मोठ्या भरतीचे पाणी जेवढी जमीन झाकते, तेवढा किनारा. टेक्सासच्या न्यायालयाने याचा अर्थ, रोजच्या भरत्यांपैकी मोठ्या भरतीची दीर्घकाळची सरासरी, असा लावला आणि वादातील जमीन राज्याची ठरली. सातशे वर्षांपूर्वीच्या वाक्याने विसाव्या शतकातील हद्द आखली.

तथापि या ग्रंथाची नुसती आरती ओवाळून चालणार नाही. गुलामगिरी निसर्गाविरुद्ध आहे असे तो म्हणतो आणि तिचेच नियमही घालून देतो. आरोपीच्या छळाला त्यात मुभा आहे. ज्यूंनी डोक्यावर वेगळी खूण बाळगावी, असा दंडकही आहे. कायदा टिकला म्हणजे त्यातील न्यायच टिकतो असे नाही. अन्यायही तितकाच टिकतो.

म्हणून जुन्या कायद्याकडे पाहताना वयापेक्षा त्याने दिलेले कारण तपासावे. किनारा सर्वांचा का, हे आजही पटते. माणसाच्या डोक्यावर खूण का, हे पटत नाही. अल्फोन्सोने कारणे लिहून ठेवली, म्हणूनच ही निवड आपल्याला करता येते.