दिगू का हसला?

निळू फुले म्हटलं की आपल्याकडच्या बायकांना आठवतो तो पडद्यावरचा बेरकी पाटील. ती तिरकी नजर, तो घोगरा आवाज! कित्येक जणी त्यांना खरोखरचाच वाईट माणूस समजायच्या. प्रत्यक्षात हा माणूस राष्ट्र सेवा दलात घडलेला, पुण्यात माळीकाम करून पोट भरलेला आणि सामाजिक कामाला कायम पदरमोड करणारा. 2009 मध्ये ते गेले. त्यांची एक भूमिका मात्र आपल्या बायकांनी फारशी पाहिलेलीच नाही. ती म्हणजे ‘सिंहासन’मधला पत्रकार दिगू टिपणीस.

‘सिंहासन’ हा चित्रपट 1979चा, कृष्णधवल. अरुण साधूंच्या दोन कादंबऱ्यांवरून विजय तेंडुलकरांनी पटकथा लिहिली. दिग्दर्शक जब्बार पटेल म्हणजे आपल्या शेजारच्या दौंडला डॉक्टरकी केलेले. आणि तेव्हा मुख्यमंत्री होते आपल्या बारामतीचे शरद पवार. खुर्चीच्या खेळावरचा हा चित्रपट, पण मंत्रालयात चित्रीकरणाला परवानगी मिळाली ती त्यांच्याच काळात. बघा, नातं किती जवळचं!

गोष्ट थोडक्यात अशी. मुख्यमंत्र्यांची (अरुण सरनाईक) खुर्ची डळमळते, अर्थमंत्री दाभाडे (श्रीराम लागू) डाव टाकतात. दिगू सगळीकडे हजर असतो. त्याला सगळं कळतं, पण त्यातलं फार थोडं तो लिहू शकतो. शेवटी खेळ पुन्हा जमून येतो आणि थकलेला दिगू भर रस्त्यात वेड्यासारखा हसत सुटतो. नोव्हेंबर 2019 मध्ये भल्या सकाळी तो शपथविधी झाला, तेव्हा ‘आपला दिगू टिपणीस झाला’ असं जो तो म्हणत होता. पण चित्रपट किती जणींनी पाहिला होता?

म्हणून बचत गटाच्या बैठकीनंतर आम्ही तो मुद्दाम लावला. बारामती आणि इंदापूर, दोन्ही तालुक्यांतल्या मिळून पंधरा-सोळा जणी होतो. चित्रपट संपला आणि जी जुंपली म्हणता!

इंदापूरच्या जिरायत भागातल्या एक काकू म्हणाल्या, “दोन तास डोळं फोडून मिळालं काय? धड नाचगाणं न्हाई, आन शेवटी गडीच येडा झाला!” बारामतीच्या निवृत्त शिक्षिका बाईंना हे मुळीच पटलं नाही. “अहो काकू, त्या सगळ्यांत शहाणा तो एकटाच. मन जिवंत आहे म्हणून त्याला सोसलं नाही. बाकीचे बघा, कसे निवांत जेवतायत!”

तेवढ्यात नवीन लग्न होऊन आलेली एक सून फटकन म्हणाली, “एवढं माहीत होतं तर छापलं का नाही? थकला म्हणे! आपण थकतो म्हणून भाकरी थापायची राहते का?” सगळ्या हसल्या, पण एक वहिनी गप्पच होत्या. त्यांचे यजमान तालुक्याचे वार्ताहर. थोड्या वेळानं त्या बोलल्या, “आमच्या ह्यांना विचारा. पुढाऱ्याच्या वाढदिवसाच्या जाहिराती ह्यांनीच गोळा करायच्या, फोटो ह्यांनीच पाठवायचे, ‘कार्यसम्राट’ ह्यांनीच लिहायचं. मग त्याच पुढाऱ्याच्या विरोधात बातमी कशी लावायची? रात्री घरी येतात ते न बोलता झोपतात. तुम्हाला दिगू पडद्यावर दिसला, मी रोज त्याला जेवायला वाढते.”

यावर काय बोलणार? बातमीदार होता होता माणूस कधी दुसऱ्याचा प्रचारक होतो, त्याचं त्यालाही कळत नाही. त्याला नुसता भित्रा म्हणून कसं चालेल? घरात पोरांच्या फिया असतात, आजारपणं असतात. पण त्या सुनेचा प्रश्नही खोटा नव्हता. दिगू गप्प राहिला म्हणून तर बाकीच्यांचं फावलं!

शेवटी बोलल्या त्या ग्रामपंचायतीच्या एक सदस्य. “मी बी दिगूच की, ताई. टँकरच्या किती खेपा झाल्या ते मला ठावं हाय. कागदावर किती लिवल्यात ते बी ठावं हाय. सही कुठं करायची ते बोट ठेवून दावत्यात, मी करते.” खोली एकदम शांत झाली.

मला विचाराल तर दिगू का हसला याचं उत्तर या बाईंच्या बोलण्यात आहे. त्याला माहीत होतं म्हणून तो वेडा झाला नाही. ते त्याला एकट्यालाच धरून बसावं लागलं, म्हणून झाला. आख्ख्या चित्रपटात ज्याच्यापाशी मन मोकळं करून ‘आता काय करू या’ असं विचारावं, असं त्याला कुणी भेटतच नाही. आपल्या बायकांचंही तेच होतं. कुणाच्या घरी काय शिजतं ते गावात आपल्याला सगळ्यात आधी कळतं, पण ‘आपल्याला काय करायचंय’ म्हणून आपण ते पोटात ठेवतो. मग डोकं दुखतं, झोप लागत नाही.

पण आपल्याकडे दिगूकडे नव्हतं असं एक आहे. ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यायची, असं कायदाच सांगतो. बहुतेक गावांत ती रजिस्टरमध्येच भरते! त्या बाईंच्या गावात पुढच्या वेळी सात जणी सभेला गेल्या. भांडण नाही, आरडाओरडा नाही. “सहीच्या आधी टँकरचं रजिस्टर मोठ्यानं वाचून दाखवा,” एवढंच म्हणाल्या. कुरकुर झाली, पण वाचावं लागलं. दोन आकडे तिथल्या तिथे दुरुस्त झाले. पाणी काही लगेच वाढलं नाही, पण त्या बाईंनी वाचून मगच सही केली.

काकूंना चित्रपट अजूनही आवडलेला नाही आणि बाईंना तो अजूनही थोर वाटतो. चालायचंच! मैत्रिणींनो, तुम्हीही चार जणी मिळून ‘सिंहासन’ जरूर पाहा, मनसोक्त वाद घाला. आणि उठण्याआधी एकमेकींना एवढं नक्की विचारा, “बाई गं, तुला काय माहीत आहे? आणि ते तू कुणाला सांगितलंस?”