'पार्टी'ला कोण नव्हते?

गेल्या रविवारी आमचा जुना दोस्त आप्पा परळला घरी आला होता. डिलाईल रोडच्या बीडीडी चाळीत आम्ही एकत्र वाढलो. मी महानगरपालिकेच्या शाळेत मास्तर झालो, तो गिरणीत रिंग खात्यात लागला. संपानंतर त्याची मुंबई सुटली ती सुटलीच. आता तो मुलाकडे बदलापूरला असतो, पण महिन्या-दोन महिन्यांनी एक चक्कर मारतोच. माझ्या नातीला कॉलेजात गोविंद निहलानी यांच्या 'पार्टी' या चित्रपटावर प्रकल्प लिहायचा आहे. ती लॅपटॉप लावून बसली होती. आम्ही दोघे म्हातारेही शेजारी बसलो. दोन तास चित्रपट आणि संध्याकाळपर्यंत भांडण, असा तो रविवार गेला.

'पार्टी' हा १९८४ चा चित्रपट. महेश एलकुंचवारांच्या १९७६ च्या मराठी नाटकावर तो बेतला आहे. दिवाकर बर्वे या नामवंत नाटककाराला मोठा पुरस्कार मिळतो, म्हणून श्रीमंत, साहित्यप्रेमी दमयंती राणे आपल्या घरी मेजवानी देते. विजया मेहता दमयंती, मनोहर सिंग बर्वे. लेखक, नट, पत्रकार, डॉक्टर, क्रांतीच्या गप्पा मारणारी बाई, नाव कमवायला धडपडणारा तरुण कवी, असा सगळा गोतावळा त्या एका रात्री एका घरात जमतो. दारू पोटात जाते तसे मुखवटे गळू लागतात. बर्वेंच्या सावलीत आयुष्य नासलेली, पेल्याच्या आधाराने उभी असलेली मोहिनी रोहिणी हट्टंगडींनी केली आहे आणि त्यासाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्या बाईंचे काम पाहण्यासाठी तरी हा चित्रपट पाहावा, असे माझे मत आहे.

पण सगळ्यांच्या तोंडी नाव असते ते तिथे नसलेल्या माणसाचे. अमृत हा कवी शहर आणि कविता सोडून आदिवासींच्या लढ्यात गेला आहे. कुणाला त्याचा हेवा वाटतो, कुणी त्याला वेडा ठरवतो. ओम पुरींचा पत्रकार उशिरा येतो, त्याच्या बातम्या सांगतो आणि कला व राजकारण यांवर कडाक्याचा वाद होतो. मग बातमी येते की अमृत मारला गेला. शेवटी तो दिसतो तो रक्ताळलेला, जीभ छाटलेला. नसिरुद्दीन शाह यांना पूर्ण चित्रपटात काम आहे ते एवढेच.

चित्रपट संपला. नात माझ्याकडे पाहू लागली. मी म्हणालो, "बघ, पांढरपेशा वर्गाने स्वतःचेच असे वाभाडे काढलेले फार थोड्या वेळा पाहायला मिळतात."

आप्पा म्हणाला, "वाभाडे काढले, पण घर तेच. रात्रभर शोषण, शोषण चाललंय. जात कुणी काढली का? मी जागा होतो, मला तरी ऐकू आली नाही."

मी म्हणालो, "अरे, चित्रपट त्यांच्या पोकळपणावर आहे."

"असेल. पण मग तो आदिवासी कुठाय? अमृत निदान शेवटाला तरी दिसला. ज्यांच्यासाठी तो मेला, त्यातल्या एकाचं नाव सांग."

मला सांगता येईना. नातीलाही येईना. वाचक मित्रहो, ही गोष्ट इतक्या वर्षांत माझ्याही लक्षात आली नव्हती. याच निहलानींचा आधीचा 'आक्रोश' (१९८०) आठवा. विजय तेंडुलकरांनी लिहिलेला. त्यातला लहान्या भिकू हा आदिवासी जवळजवळ सबंध चित्रपटभर तोंड उघडत नाही. तेही ओम पुरीच. एका चित्रपटात शोषित मुका, तर दुसऱ्यात शोषितांची बाजू घेणाऱ्याचीच जीभ कापलेली. व्यवस्था माणसाला मुके करते, हे दिग्दर्शकाला सांगायचे आहे हे मला कळते, आणि ते प्रामाणिकपणे सांगितले आहे हेही मान्य आहे. पण त्या काळातल्या मुंबईत शोषित खरोखरच मुका होता काय?

१९५८ साली याच मुंबईत पहिले दलित साहित्य संमेलन भरले आणि अण्णाभाऊ साठेंनी त्याचे उद्घाटन केले. बाबुराव बागुलांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' १९६३ चा. १९७२ ला दलित पँथर उभी राहिली, त्याच वर्षी नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' आला. १९७८ ला दया पवारांचे 'बलुतं' आले आणि पांढरपेशांच्या घराघरांत वाचले गेले. वरळीच्या दंगलीच्या दिवसांत, १० जानेवारी १९७४ रोजी पँथरच्या मोर्चावर वरून दगड पडला आणि परळच्या रस्त्यावर भागवत जाधव शहीद झाला. म्हणजे दमयंतीबाईंच्या दिवाणखान्यात 'पीडितांचा आवाज कोण उठवणार' याची चर्चा रंगली होती, तेव्हा पीडित स्वतः लिहीत होता, मोर्चे काढत होता, मरतही होता. दोन-चार मैलांचे अंतर. चांगल्या मनाच्या कलावंतालाही आमची जीभ दिसली नाही, कापलेली जीभ तेवढी दिसली. असे का व्हावे?

मग मला जोर चढला. मी नातीला संपाचे सांगू लागलो. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार बाहेर पडले, आणि हा चित्रपट आला तेव्हा लालबाग-परळमधली घरे मोडली होती. आप्पाने मला थांबवले. "तेही पुरतं सांग," म्हणाला. "संप सगळ्यांचा होता, गिरणी सगळ्यांची नव्हती."

तो म्हणाला ते आमच्या वडिलांच्या पिढीपासूनचे दुखणे आहे. विणाई खात्यात पगार जास्त, पण तिथे अस्पृश्यांना शिरकाव नव्हता. कांडी बदलताना धोट्यातून सुताचे टोक तोंडाने ओढून घ्यावे लागे. विटाळ नको म्हणून आमच्या लोकांना कमी मजुरीच्या रिंग खात्यासारख्या कामांत ठेवले जाई. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न लाल बावट्याच्या पुढाऱ्यांसमोर रोखठोक मांडला. पुढे खात्यांची दारे किलकिली झाली, पण आप्पाचे वडील रिंग खात्यात होते आणि आप्पाही रिंग खात्यातच लागला. संपावर पुढे जयंत पवारांचे 'अधांतर' आले, १९९७ साली. त्यावरून महेश मांजरेकरांनी २०१० ला 'लालबाग परळ' केला. नाटक मोठे आहे, त्यातले धुरी कुटुंब पाहताना मी रडलो आहे. पण बीडीडी चाळीतल्या आमच्या घरांचे, संपात दोन्हीकडून ठेचलेल्यांचे नाटक अजून यायचे आहे. आप्पाच्या गिरणीच्या आवारात आज पब आहेत. ज्या रस्त्यावर भोंगा व्हायचा तिथे रात्री गाड्या लावायला जागा नसते. पार्टी आता आमच्याच अंगणात आली आहे, आम्ही मात्र बदलापूरला!

हे सगळे मी तावातावाने बोललो. आप्पा चहा पीत ऐकत होता. मग म्हणाला, "मास्तर, तो पोरगा आठवतो का? कविता खिशात घालून आलेला? भरत?"

"त्याचं काय?"

"तो मला ओळखीचा वाटला."

मी गप्प बसलो. कारण तो काय म्हणतो ते मला कळले होते. मी तेव्हा कविता लिहीत असे. १९८३ चा पावसाळा. गिरगावात एका कविसंमेलनात मी दोन कविता वाचल्या. वाहवा झाली. एका बड्या गृहस्थांनी पाठीवर हात ठेवला आणि तिथूनच मला मलबार हिलवर एका घरी नेले. असाच दिवाणखाना, अशीच माणसे. 'तुमच्यातलं काहीतरी जळजळीत ऐकवा' अशी फर्माईश झाली. मी ऐकवले. एका बाईंच्या डोळ्यांत पाणी आले. मग जेवण झाले, विषय बदलला आणि माझ्याशी कुणी फारसे बोलले नाही. तरी मी थांबलो. आपल्याला बोलावले याचा आनंद होता, खोटे कशाला बोलू?

त्याच रात्री आप्पा बायको, दोन पोरे आणि भांड्यांचे बोचके घेऊन दापोली तालुक्यातल्या गावी कायमचा निघाला होता. मी परळ डेपोत तिकिटाचे पैसे घेऊन येणार, असे ठरले होते. पैसे माझ्या खिशात होते. कवितेच्या कागदाबरोबरच होते. मी डेपोत पोचलो तेव्हा कुत्रीसुद्धा झोपली होती.

चाळीसहून अधिक वर्षे आम्ही दोघे यावर बोललो नव्हतो. आप्पाने ते रागाने काढले नाही. "वहिनीनं त्या रात्री कंडक्टरला हातातली पाटली दाखवली होती," एवढेच म्हणाला. कंडक्टरने पाटली घेतली नाही. गावाकडचाच होता, बसवून घेतले. हे मला त्या रविवारी पहिल्यांदा कळले.

नात वही मिटून बसली होती. थोड्या वेळाने तिने विचारले, "आजोबा, ती कविता आहे का तुमच्याकडे?" आहे. संपावरची आहे. आप्पाच्या घरावरची आहे.

तिने आता प्रकल्पाचा विषय थोडा बदलून घेतला आहे. कॉलेजच्या बाईंनी परवानगी दिली. चित्रपटाबरोबर त्याच दोन वर्षांतल्या गिरणगावच्या एका घराची हकिगत ती लिहिणार आहे. आप्पा पुढच्या खेपेला गिरणीचे हजेरी कार्ड आणि गावाहून वहिनीने लिहिलेली पत्रे घेऊन येतो म्हणाला आहे. बीडीडीतल्या, लेबर कॅम्पातल्या कुणा वाचकाकडे संपाच्या दिवसांतली पत्रे, डायऱ्या, पगाराच्या चिठ्ठ्या असतील तर त्या रद्दीत घालू नका. नातवंडांना सांगून एक प्रत काढून ठेवा. आप्पाची पत्रे पत्र्याच्या पेटीत होती आणि निम्मी वाळवीने खाल्ली आहेत.