जाहीरनाम्याचे तात्पर्य

१८३४ सालच्या डिसेंबरात इंग्लंडचे मुख्य प्रधान सर रॉबर्ट पील यांनी टॅमवर्थ या आपल्या मतदारसंघातील मतदारांस एक विस्तृत पत्र लिहून आपल्या राज्यकारभाराचे धोरण कळविले. आधुनिक निवडणूक-जाहीरनाम्याचे मूळ पुष्कळ जण या पत्रात पाहतात. पत्र म्हटले की लिहिणारा आणि ज्यास लिहिले तो, असे दोघे आलेच. आजचे जाहीरनामे लठ्ठ व सचित्र झाले. परंतु तो आद्यंत वाचलेला गृहस्थ वा गृहिणी, सुशिक्षित कुटुंबांतही, आम्हांस अद्यापि भेटावयाची आहे!

मतदार वाचीत नसला तरी पंडित वाचतात. १९७९ साली ईयन बज प्रभृति राज्यशास्त्रज्ञांनी एक कार्य आरंभिले. ते पुढे बर्लिन येथे स्थिरावले. १९४५ नंतरच्या निवडणुकांतील, पन्नासांहून अधिक देशांचे जाहीरनामे घ्यावयाचे, त्यांचे एकेका विधानाचे खंड पाडावयाचे व प्रत्येक खंड ५६ ठरीव सदरांपैकी एकात घालावयाचा. कोणत्या सदरात शेकडा किती खंड पडले, यावरून पक्षाचे मन ओळखावयाचे. यामागील तत्त्व असे की, पक्ष एकमेकांचा उघड प्रतिवाद क्वचितच करितात. शिक्षणाचा विस्तार व शिक्षणाचा संकोच अशी दोन सदरे आहेत. पैकी दुसऱ्यात सहसा काही पडत नाही. शाळा बंद करू, असे मते मागताना कोण लिहील? भेद असतो तो कशावर किती भर दिला यात.

हे वाचून आम्हांस आपल्या शास्त्रकारांचे स्मरण झाले. ग्रंथाचे तात्पर्य ठरविण्याची जी सहा लिंगे त्यांनी सांगितली, त्यांत 'अभ्यास', म्हणजे एकच गोष्ट पुनःपुन्हा सांगणे, हे एक आहे. बर्लिनच्या पंडितांची सारी भिस्त या एकावरच आहे. पण मीमांसक विधि आणि अर्थवाद असाही भेद करितात. अमुक पिकास अमुक भाव देऊ, हा विधि. शेतकरी देशाचा कणा होय, हा अर्थवाद. बर्लिनच्या गणनेत मात्र दोन्ही शेतीच्याच सदरात सारख्या वजनाने पडतात. शिवाय प्रशिक्षित गणकही एकच मजकूर निरनिराळ्या सदरांत घालतात, असे २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका परीक्षणात आढळले. एकाच उत्तरपत्रिकेस दोन परीक्षकांनी दिलेले गुण ज्यांनी पाहिले आहेत, त्यांस याचे नवल वाटणार नाही.

याहून बिकट प्रश्न मतदाराचा. पक्षाने जे लिहिले ते त्यास हवे होते काय? हीमिन किम व रिचर्ड फोर्डिंग यांनी १९९८ साली एक युक्ति मांडली : जाहीरनाम्यांवरून पक्षांस डाव्या-उजव्या क्रमाने बसवावे, प्रत्येकास पडलेली मते पाहावी आणि त्यांवरून मध्यस्थ मतदाराचे स्थान काढावे. जुन्या निवडणुकांतील मतदारांस आता जाऊन विचारता येत नाही, म्हणून ही युक्ति उपयोगी खरी. परंतु तिने काढलेले मतदाराचे मन पुन्हा त्याच जाहीरनाम्यांशी ताडून 'पहा, प्रतिनिधित्व साधले' असे कोणी म्हणेल, तर तो नैयायिकांचा अन्योन्याश्रय दोष होईल. पत्रावरून लिहिणाराचे मन कळेल. ज्यास लिहिले त्याने तर ते उघडलेही नाही.

आपल्याकडे २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने तमिळनाडूतील फुकट वस्तूंच्या खटल्यात, अशी आश्वासने निवडणूक-कायद्याने भ्रष्ट आचार ठरत नाहीत, असा निर्णय दिला; तथापि जाहीरनाम्यांविषयी नियम करण्यास निवडणूक आयोगास सांगितले. त्याप्रमाणे आश्वासनामागील कारण व पैसा उभारण्याचा मार्ग पक्षांनी दर्शवावा, असे आचारसंहितेत आले. नेदरलँड्समधील पक्ष तर १९८६ पासून आपले हिशोब सरकारी नियोजन कार्यालयाकडून स्वेच्छेने तपासून घेत आले आहेत.

पुढील निवडणुकीस आमच्या वाचकांनी तीन-चार पक्षांचे जाहीरनामे शेजारी ठेवून, विधीखाली निळी व अर्थवादाखाली तांबडी रेघ ओढून पाहावी. पाणी, औषधपाणी, मुलाची फी, म्हाताऱ्यांची सोय, यांपैकी ज्या अडचणीखाली एकही निळी रेघ पडली नाही, ती निराळ्या कागदावर उतरावी. उमेदवार दारी आला म्हणजे तो कागद त्याच्या हाती द्यावा.