हरित चहातील कॅटेचिने आणि मुखव्रण

कॅटेचिने ही चहाच्या (कॅमेलिया सायनेन्सिस) पानांत आढळणारी पॉलिफेनॉल वर्गातील संयुगे आहेत. तोंडातील व्रण भरून येण्यास, म्हणजेच बोलीभाषेतील ‘तोंड येणे’ बरे होण्यास, ती कितपत साहाय्यभूत ठरतात, हा संशोधनाचा विषय आहे.

संयुगे

हरित चहासाठी खुडलेली पाने लगेच वाफवतात किंवा कढईत भाजतात. उष्णतेमुळे पॉलिफेनॉल ऑक्सिडेज हे विकर निष्क्रिय होते व कॅटेचिने टिकून राहतात. काळ्या चहात त्यांचे बहुतांशी थिआफ्लेविन व थिआरुबिजिन यांत रूपांतर होते. हरित चहातील कॅटेचिनांमध्ये एपिगॅलोकॅटेचिन गॅलेटचे (ईजीसीजी) प्रमाण सर्वाधिक असते. जपानी शास्त्रज्ञ मिचियो त्सुजिमुरा यांनी १९२९ मध्ये हरित चहातून कॅटेचिन वेगळे केले.

व्रणांचे स्वरूप

वारंवार उद्भवणारे मुखव्रण बहुधा १ सेंटिमीटरहून लहान असतात व ७ ते १४ दिवसांत आपोआप भरून येतात. त्यांचे निश्चित कारण ज्ञात नाही. दात लागून झालेली इजा, मानसिक ताण, तसेच लोह, फॉलिक आम्ल व ब-१२ जीवनसत्त्व यांची कमतरता हे घटक त्यांच्याशी निगडित आहेत.

संभाव्य परिणाम

प्रयोगशाळेतील अभ्यासांत ईजीसीजी दाह वाढवणाऱ्या रासायनिक संदेशांना आवर घालते, ऊतींचा ऱ्हास करणाऱ्या काही विकरांना रोखते आणि तोंडातील काही जीवाणूंची वाढ मंदावते, असे दिसून आले आहे. तथापि पेशींवरील असे निष्कर्ष रुग्णांना जसेच्या तसे लागू होत नाहीत. व्रण मुळातच आपोआप बरे होत असल्याने, तुलनेसाठी दुसरा गट नसलेल्या अभ्यासातून चहाचा गुण सिद्ध होत नाही.

मर्यादा व दक्षता

चहातील पॉलिफेनॉल अन्नातील, विशेषतः वनस्पतिजन्य पदार्थांतील, लोहाचे शोषण कमी करतात. त्यामुळे लोहाच्या कमतरतेमुळे व्रण होणाऱ्या व्यक्तीने जेवणाबरोबर हरित चहा घेतल्यास मूळ कारण बळावू शकते. चहा दोन जेवणांच्या मधल्या वेळेत घेणे इष्ट ठरते. ६५ अंश सेल्सिअसहून अधिक उष्ण पेये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ मध्ये ‘बहुधा कर्करोगकारक’ ठरवली. कॅटेचिनांच्या तीव्र अर्काच्या गोळ्यांमुळे यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत.

तीन आठवड्यांत न भरणारा व्रण कर्करोगाचे लक्षण असू शकतो. तंबाखू, गुटखा वा सुपारी खाणाऱ्यांत हा धोका अधिक असतो. अशा वेळी घरगुती उपायांत कालहरण न करता दंतवैद्य किंवा डॉक्टरांकडून तपासणी करून घेणे आवश्यक असते.