घरातले व्यसन (लेखांक ६) : वडील तयार होईपर्यंत मुलांनी थांबायचे का?

मागच्या आठवड्यात आपण व्यसनमुक्ती केंद्रातला दिनक्रम पाहिला. तिथली खाट पिणाऱ्याची, केसपेपर त्याचा, समुपदेशनाचे तासही त्याचेच. ते रास्त आहे. पण त्याच घरातली नववीतली मुलगी किंवा बारावीतला मुलगा कुणाच्याच नोंदवहीत येत नाही. वडील सुटले की पोरे आपोआप सावरतील, असे आपण धरून चालतो. हे गृहीतक किती तोकडे आहे, ते ‘एम्स’ने केंद्र सरकारसाठी केलेल्या आणि २०१९मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीतून कळते. देशात १० ते ७५ वयोगटातले सुमारे १६ कोटी लोक दारू पितात. दारूच्या पुरते आहारी गेलेल्यांपैकी ३८ जणांत एकालाच काही उपचार मिळाले, आणि दाखल होऊन उपचार मिळाले ते १८० जणांत एकाला. मुलांची मदत वडिलांच्या उपचाराला बांधून ठेवली, तर बहुतेक घरांत ती पोचणारच नाही. परभणीत तर वेळ आणखी कमी असतो. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत या जिल्ह्यातल्या २० ते २४ वर्षांच्या ४८ टक्के स्त्रियांची लग्ने अठराच्या आत झालेली आढळली. वडिलांचे मन वळेपर्यंत मुलगी सासरी गेलेली असते. म्हणून मुलांची वाट वेगळी हवी, आणि ती आधी सुरू व्हायला हवी, असे माझे ठाम मत आहे.

यावर पहिला आक्षेप येतो तो असा : मूळ रोग सोडून फांद्यांना पाणी कशाला घालायचे? पण ज्यांनी व्यसनावर आयुष्यभर काम केले, त्यांनीच घरच्यांसाठी वेगळी सोय केली. ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’ १९३५मध्ये सुरू झाली, तिच्यामागून १९५१मध्ये नातेवाइकांची ‘अल-अ‍ॅनॉन’ आली आणि १९५७मध्ये किशोरवयीनांची ‘अल-अ‍ॅटीन’. तिथे येण्यासाठी घरातल्या माणसाने दारू सोडलेली असावी लागत नाही, आणि खरे मर्म तेच आहे. आपल्याकडे डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी १९८६मध्ये पुण्यात उभारलेल्या ‘मुक्तांगण’नेही बायकांसाठी ‘सहचरी’ गट चालवला. शिवाय वडिलांची बाटली सुटली तरी रात्रीच्या आवाजाने दचकणे, मित्राला घरी न बोलावणे, आईची ढाल होऊन उभे राहणे या सवयी मुलाच्या अंगात मुरलेल्याच राहतात. त्यांना वेगळे बोलणे, वेगळा वेळ लागतो.

दुसरा आक्षेप अब्रूचा, आणि तो मला सगळ्यांत खरा वाटतो. व्यसनमुक्तीच्या दारात मुलगी दिसली, तर गावात काय बोलतील? म्हणूनच त्या दारातून जायची गरज नाही, हे घरोघर पोचले पाहिजे. २०१४पासून राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम १० ते १९ वर्षांच्या मुलामुलींसाठी आहे. महाराष्ट्रातल्या सरकारी दवाखान्यांत त्याची ‘मैत्री’ क्लिनिक आहेत. तिथे रक्त कमी आहे, पाळीचा त्रास आहे, असे कारण घेऊनही जाता येते, आणि समुपदेशकाशी घरातले बोलता येते. व्यसन आणि मानसिक आरोग्य हे त्या कार्यक्रमाचेच विषय आहेत. त्याहून जवळची वाट म्हणजे आशाताई. शेतकरी आत्महत्याग्रस्त १४ जिल्ह्यांसाठी २०१५मध्ये ‘प्रेरणा प्रकल्प’ आला, त्यात परभणीही आहे. त्यातून नैराश्याच्या खुणा ओळखायचे काम आशांकडे आले. त्यांचे दारात येणे कुणाला खटकत नाही. “ताई, पोराशी बोला” एवढे आईने म्हटले, तरी सुरुवात होते.

कागदावर सगळे असते, प्रत्यक्षात जागा रिकाम्या असतात, असे कुणी म्हणेल. ते नाकारण्यात अर्थ नाही. त्यात ऊसतोडीला गेलेले कुटुंब दिवाळीनंतर काही महिने जिल्ह्यातच नसते. अशा वेळी फोन उपयोगी पडतो. ऑक्टोबर २०२२पासून सुरू असलेल्या ‘टेलिमानस’च्या १४४१६ वर मराठीत बोलता येते, १४४४६ ही व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे, आणि मारहाण होत असेल तर मुलांसाठी १०९८. घरातला एकमेव फोन वडिलांच्या खिशात असतो, ही अडचण मोठी आहे. तिथे शाळेतल्या बाईंनी किंवा आशाताईंनी आपला फोन द्यावा. बाल न्याय कायदा, २०१५ प्रमाणे मुलाला दारू देणे किंवा तिची ने-आण त्याच्याकडून करवून घेणे हा सात वर्षांपर्यंत सक्तमजुरीचा गुन्हा आहे. गावात बाल संरक्षण समिती असते, सरपंच तिचे अध्यक्ष असतात. तिच्या बैठका होत नसतील, तर ग्रामसभेत विचारायचा हक्क प्रत्येक आईला आहे.

पहिल्या भेटीबद्दल एक सांगायचे राहिले. आई आत गेली की नवऱ्याच्या पिण्याचीच हकिगत सुरू होते आणि मुलाची वेळ संपून जाते. त्याऐवजी मुलाचेच सांगावे : झोप लागते का, जेवण कसे आहे, शाळा किती बुडाली, कुणाला घाबरतो, त्याने स्वतः कधी चव घेतली आहे का. मग त्याला थोडा वेळ समुपदेशकाजवळ एकट्याला बसू द्यावे. आणि पुढची तारीख केसपेपरवर लिहून घेतल्याशिवाय उठू नये.